आधी पिन काढा!

नगरच्या आमच्या घरी माशांची टाकी आहे. तिच्या झाकणातली ट्यूब लुकलुकू लागली. ट्यूब बदलली, स्टार्टर बदलला, तरी गुणगुण थांबेना. म्हणजे चोकच गेला. तेवढ्यात वीज गेली. ‘बरं झालं’, म्हणत मी ओल्या हातांनी झाकण उघडले. वडील ओरडले, ‘अरे, आधी पिन काढ!’ पिन काढली आणि मिनिटभरात पंखे फिरू लागले.

भारनियमनाने आपल्याला ही खोड लावली. गेलेली वीज आपण बंद केलेली वीज समजतो. ती न सांगता परतते. नुसते बटण बंद करणेही पुरेसे नाही. वायरिंग उलटे असेल, तर बटण न्यूट्रल तोडते आणि फेज चोकपर्यंत जिवंत राहतो. म्हणून पिन बाहेर, तीही डोळ्यांसमोर.

मग झाकण टाकीवरून उचलून कोरड्या टेबलावर घ्यावे. चोक आधी स्टार्टरच्या साथीने जादा दाब देऊन ट्यूब पेटवतो, नंतर प्रवाह आवरतो. म्हणून नवा चोक ट्यूबच्याच वॅटचा हवा. जोडणीचे चित्र त्याच्यावरच असते. इलेक्ट्रॉनिक चोक मात्र फोडून पाहू नये; त्यातल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही काही वेळ वीज साठलेली असते.

वायरला सॉकेटच्या खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी तिथेच ठिबकते, पिनेत जात नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. आणि टाकीत हात घालतानाही, आधी पिन काढावी.