रजतपटावरची सून आणि कुंडलचे लग्न

महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मराठी निर्मात्यांनी युद्ध व प्रीती यांची जी सांगड पडद्यावर घातली, तिचा मागोवा सातारा-सांगलीच्या मुलखातून घेऊ लागले म्हणजे १९४६ सालच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चे मोल काहीसे निराळे ठरते. व्ही. शांतारामांनी राजकमलमध्ये चीन उभा केला, चीन-जपान युद्धात वैद्यकीय मदतीस गेलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची भूमिका स्वतः केली आणि चिनी परिचारिका म्हणून जयश्रीबाईंना आणले. तो चीन नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यासारखा दिसतो, आणि प्रणयाचे प्रसंग तर अंमळ बाळबोधच आहेत. परंतु शेवट पाहावा. मरणोन्मुख डॉक्टर पत्नीला आपल्या घराचे वर्णन सांगतो, आणि त्याच्या त्याच शब्दांच्या आधाराने ती तान्ह्या मुलासह त्या घराच्या दाराशी येऊन पोहोचते. ज्या गावांतून माणसे लामावर गेली व चावडीवर फक्त तार आली, तेथल्या प्रेक्षकाला याहून अधिक काय हवे होते? वस्तुस्थिती मात्र अशी की, कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी, परिचारिका गुओ छिंगलान, चीनमध्येच राहिल्या. दिग्दर्शकाने स्वतंत्र वृत्तीच्या एका परिचारिकेची सून केली, आणि चित्रपटातला सर्वांत उत्कट भाग या लबाडीवरच उभा राहिला.

याच सुमारास औंध संस्थानच्या हद्दीतील कुंडलला युद्धकाळातले एक खरेखुरे लग्न लागले होते. इंग्रजी सत्तेला आव्हान देणाऱ्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड भूमिगत, सरकारला हवे असलेले. तरी १९४५ साली त्यांचा व विजयाताईंचा विवाह हुंडामानपानास फाटा देऊन, उघड्यावर, प्रचंड जनसमुदायासमक्ष झाला. लपून राहणाऱ्याने गावजेवणाइतकी गर्दी जमवावी, हे फौजदाराच्या अब्रूवर केवढे आक्रमण! या मुलखात वाढलेल्या, शाहीर निकमांसाठी पोवाडे रचणाऱ्या ग. दि. माडगूळकरांची लेखणी राम गबाल्यांच्या ‘वंदे मातरम्’ या चित्रपटाला (१९४८) लाभली, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यात कामे केली, आणि बेचाळीसची चळवळ तेथे स्वकीयांच्या मुखाने बोलली. भव्यतेत तो शांतारामांच्या पासंगाला पुरत नाही, हे खरे. तरीही कुंडलचे ते लग्न शांतारामांच्या हाती पडते, तर त्यांनी विजयाताईंना वराच्या बरोबरीची जागा दिली असती की सासरच्या उंबऱ्याशी आणून सोडले असते, याविषयी मला दाट शंका आहे.