डुकराला पंख फुटतील तेव्हा...

दिवाळीच्या सुटीत बहिणीकडे बडोद्याला गेले होते. भाची सातवीत, इंग्रजी माध्यमात. ‘मोठेपणी मी कोण होणार’ या निबंधात तिने वैमानिक होणार असे लिहिले होते. गणिताशी तिचा उभा दावा, हे साऱ्या वर्गाला ठाऊक. टीचरने निबंधाखाली लाल शाईत तीनच शब्द लिहून वही परत केली : ‘पिग्ज माइट फ्लाय!’

आजीने त्याचा अर्थ विचारला आणि घरात एकच गहजब उडाला. ‘‘पोरीला डुक्कर म्हणतात? हे कसले शिक्षण?’’ भाचीने तोंडातून शब्द काढला नाही. वही दप्तराच्या पार तळाशी कोंबून ती गच्चीवर निघून गेली.

टीचरनी तिला डुक्कर म्हटले नव्हते, एवढे आधी आजीला पटवावे लागले. ‘डुकरेही उडतील एखादे वेळी’ म्हणजे ही गोष्ट कालत्रयी घडायची नाही! आपण म्हणतो ना, ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!’ किंवा ‘हो, आणि सशाला शिंगं फुटतील!’ तोच हा प्रकार. ‘माझा भाऊ म्हणतो, उद्यापासून पहाटे पाचला उठणार,’ असे कोणी सांगितले, की इंग्रज माणूस एक भुवई वर करून म्हणतो, ‘पिग्ज माइट फ्लाय.’ मित्रामित्रांत ठीक आहे. पण वरिष्ठांच्या तोंडावर किंवा मुलाच्या वहीत हे वाक्य फार बोचते.

आपल्याकडच्या इंग्रजी शिकणाऱ्यांची एक गफलत नेहमी होते. ‘वन्स इन अ ब्लू मून’ आणि ‘व्हेन पिग्ज फ्लाय’ यांना ते एकाच माळेत ओवतात. पहिल्याचा अर्थ क्वचित. म्हणजे आपला कपिलाषष्ठीचा योग. उशिरा का होईना, येतो. दुसऱ्याचा अर्थ कधीच नाही. मराठीत पंखांचा वाक्प्रचार आहे तो मुंगीचा, पण तो वेगळाच. मुंगीला पंख फुटले, की तिचा शेवट जवळ आला असे आपण समजतो.

इंग्रजांनी नेमके डुक्करच का निवडले असेल? जाड अंग, आखूड पाय, मान सदा खाली. यापेक्षा जमिनीला चिकटलेला प्राणी दुसरा कोणता? म्हण चांगली जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ती छापलेली आढळते आणि तिथे डुकरे शेपटी पुढे करून उडतात! पुढे लुई कॅरोलने 1865 च्या ‘अ‍ॅलिस’मध्ये उडत्या डुकरांचा उल्लेख केला आणि मुलांनाही ती कल्पना आवडून गेली. वुडहाउसच्या 1952 मधल्या एका कादंबरीचे नावच ‘पिग्ज हॅव विंग्ज’ आहे.

पण गच्चीवर भाचीला मी सांगितली ती 1909 सालची गोष्ट. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. इंग्लंडच्या केंट परगण्यात शेपी नावाचे बेट आहे. तिथे जॉन मूर-ब्रॅबझन हा पंचविशीतला हौशी वैमानिक उड्डाणे करीत असे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रिटिश बनावटीच्या विमानातून एक मैलाचा फेरा पुरा करून त्याने ‘डेली मेल’चे हजार पौंडांचे बक्षीस मिळवले होते. 4 नोव्हेंबरला त्याने वेताच्या टोपलीत डुकराचे एक पिल्लू घातले, टोपली विमानाच्या पंखाच्या दांडीला बांधली, वर पाटी लावली : ‘उडणारे पहिले डुक्कर मीच!’ आणि खरोखर उड्डाण केले. म्हणीची अशी जिरवणूक क्वचितच कोणी केली असेल! पुढच्या वर्षी, 1910 मध्ये, ब्रिटनच्या रॉयल एरो क्लबचा पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना याच गृहस्थाला मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो विमान-उत्पादन खात्याचा मंत्रीही झाला.

‘‘म्हणजे मावशी, डुक्कर उडालं होतं?’’ भाचीचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा हलला.

नंतर आणखी एक उडाले, पण ते रबरी. 1976 च्या डिसेंबरात पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाने तबकडीच्या मुखपृष्ठासाठी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर फुगवलेले प्रचंड डुक्कर बांधले होते. दोर तुटला, डुक्कर आकाशात, आणि हीथ्रो विमानतळावर धांदल. शेवटी ते उतरले तेही केंटमधल्याच एका शेतात.

अशक्याच्या म्हणी अशा अधूनमधून तोंडघशी पडतात. फ्रेंच म्हणतात, ‘कोंबड्यांना दात येतील तेव्हा’. 2006 मध्ये शास्त्रज्ञांना एका विशिष्ट जनुकीय दोषाच्या कोंबडीच्या भ्रूणात दातांचे अंकुर सापडले. स्पॅनिश लोकांचे बेडकांना केस फुटायचे असतात. आफ्रिकेत कॅमेरूनकडच्या एका जातीच्या नर बेडकाच्या अंगावर विणीच्या हंगामात केसांसारखे तंतू येतात.

एव्हाना आजीही गच्चीवर आली होती. ‘‘आपलं उंबराचं फूल तसंच का गं?’’ तिने विचारले. तसेच. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण ‘अगदी उंबराचं फूल झालात’ म्हणतो खरे, पण उंबराला फुले असतात, आणि ढीगभर असतात. फक्त ती फळाच्या आत दडलेली. चिमुकली गांधीलमाशी बारीक भोकातून आत शिरते, तेव्हा त्यांचे परागण होते.

जाता जाता भाचीला एक नाव दिले, कॅप्टन सौदामिनी देशमुख. 1985 मध्ये कलकत्ता ते सिल्चर हे फोकर फ्रेंडशिप विमान त्यांनी नेले, तेव्हा त्यात सगळ्या कर्मचारी महिलाच होत्या. मात्र वैमानिक व्हायला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, हेही सांगितले. तिने नाक मुरडले, पण रात्री अपूर्णांकांचे पुस्तक उघडून बसली.

शाळा उघडली, की पहिल्याच शनिवारी पालकसभा आहे. टीचरना ती वही दाखवायची की नाही, यावर बहीण आणि आजी यांचे अजून एकमत झालेले नाही. लाल शाईतल्या त्या तीन शब्दांखाली भाचीने मात्र पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे : 4 नोव्हेंबर 1909.