दिनविशेषाच्या फळ्यावर १८ ऑगस्ट

बहुतेक शाळांच्या दर्शनी भागात दिनविशेषाचा एक फळा असतो. पाळीप्रमाणे एखादा वर्ग रोज त्यावर चार ओळी लिहितो. कोणाचा जन्म, कोणाचे निधन, कसला तरी शोध, कुठली तरी घटना. परिपाठात त्या वाचून दाखवल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या जातात. ही प्रथा चांगली आहे. मात्र या ओळी आपण जशाच्या तशा उतरवून घेतो आणि त्यांना कधी प्रश्न विचारत नाही. प्रश्न विचारले, तर एकेका ओळीतून विज्ञानाचा एक अख्खा तास उभा राहू शकतो. हे पाहण्यासाठी आम्ही १८ ऑगस्ट ही एकच तारीख घेतली आहे.

या तारखेचा फळा साधारण असा दिसेल :

१८६८ – भारतात खग्रास सूर्यग्रहण, हेलियमचा शोध.
१८७२ – गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म.
१८७७ – मंगळाच्या ‘फोबोस’ या चंद्राचा शोध.
१९०० – विजयालक्ष्मी पंडित यांचा जन्म.
१९२० – अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला टेनेसी राज्याची मान्यता. आवश्यक ३६ राज्ये पूर्ण.

यातल्या विज्ञानाच्या दोन ओळी आता जरा उकलून पाहू.

हेलियम नेमका कधी सापडला?

१८ ऑगस्ट १८६८ रोजी सकाळी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून पश्चिम किनाऱ्यावर आली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण अशी पूर्वेकडे गेली. या पट्ट्यात ठिकठिकाणी दुर्बिणी रोखलेल्या होत्या. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले पिएर जान्सेन, तर मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन. या ग्रहणाची खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणारी होती. इतका वेळ क्वचितच मिळतो, म्हणून एवढी तयारी.

त्यांना उत्तर हवे होते ते एका जुन्या प्रश्नाचे. खग्रास स्थितीत चंद्राच्या काळ्या तबकडीच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात. त्या कशाच्या बनलेल्या आहेत? किरखॉफ आणि बुन्सेन यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की तापलेला विरळ वायू सगळे रंग देत नाही. वर्णपटात तो ठरावीक जागी तेजस्वी रेषा देतो आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. तेव्हा ज्वालांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला की उत्तर मिळणार होते. ते त्या सकाळी मिळाले. तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या. हायड्रोजनच्या रेषा त्यात ठळक होत्या. एक पिवळी रेषाही होती. पिवळ्या रंगात रेषा देणारे सर्वांच्या ओळखीचे मूलद्रव्य म्हणजे सोडियम. त्यामुळे ही रेषा सोडियमचीच असावी असा समज होणे साहजिक होते.

जान्सेन यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीने वेधले. या रेषा इतक्या ठळक आहेत, तर त्या पाहायला ग्रहण तरी कशाला हवे? दुसऱ्या दिवशी, म्हणजे १९ ऑगस्टला, त्यांनी भर उन्हात वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेवर रोखला आणि रेषा पुन्हा दिसल्या. यामागची युक्ती साधी आहे. आकाशाच्या झगमगाटात सगळे रंग असतात. वर्णपटदर्शकातून तो लांबवर पसरतो आणि फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच एकवटलेला असल्यामुळे तो फिका पडत नाही. इतकी वर्षे ज्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागे, ते आता रोज पाहता येणार होते. जान्सेन यांचा त्या वेळचा खरा शोध हा होता.

हीच युक्ती इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांना स्वतंत्रपणे सुचली होती. त्यांचे उपकरण तयार व्हायला उशीर झाला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहण नसताना ज्वालांच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांचे पत्र भारतातून बोटीने निघाले होते. सुएझ कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता. दोघांचे निवेदन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आले. श्रेयासाठी भांडण न होता ते दोघांना मिळाले. पुढे १८७२ साली फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले.

पिवळ्या रेषेचे कोडे यानंतर सुरू झाले. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात. ही रेषा ५८७.६ ला होती. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, पण लॉकियर यांनी तो पकडला. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या मदतीने त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनपासून अशी रेषा मिळते का ते पाहिले. मिळाली नाही. तेव्हा हे पृथ्वीवर न आढळलेले मूलद्रव्य असावे असा निष्कर्ष निघाला आणि ग्रीक भाषेतील सूर्याच्या नावावरून ‘हेलियम’ हे नाव आले. सोडियम, पोटॅशियम यांसारखा शेवट दिला गेला, कारण तो धातू असेल असे वाटले होते.

ज्याला कोणी कुपीत धरलेले नाही, त्याला मूलद्रव्य कसे म्हणायचे? अनेक रसायनज्ञांनी ते मानले नाही. त्यांची शंका रास्तच होती. पुढे २६ मार्च १८९५ रोजी विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया केली. ते अरगॉनच्या शोधात होते. निघालेल्या वायूच्या वर्णपटात त्यांना एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. क्रुक्स आणि लॉकियर यांनी तपासून खात्री केली : ती सूर्यातलीच रेषा होती. सत्तावीस वर्षांनी हेलियम पृथ्वीवर हाती लागला. तो धातू नव्हता, निष्क्रिय वायू होता. नाव मात्र तेच राहिले.

आता फळ्यावर कोणती तारीख लिहायची? १८ ऑगस्ट, २० ऑक्टोबर की २६ मार्च? एकच उत्तर देता येत नाही, आणि विद्यार्थ्यांना कळायला हवे ते हेच. शोध हा बहुधा एका माणसाचा नसतो आणि एका दिवसाचाही नसतो. कोणी पाहतो, कोणी मोजतो, कोणी शंका घेतो, कोणी पुरावा हाती देतो. दिनविशेषाची ओळ ही सारी साखळी एका कडीत कोंबते. ‘अमक्याने अमक्या दिवशी शोध लावला’ असेच ऐकत मोठे झालेल्या मुलाला वाटते की शोध म्हणजे एखाद्या अलौकिक माणसाचा भाग्याचा दिवस. मग आपण काही शोधू शकू, हे त्याच्या मनातही येत नाही.

विजयदुर्ग आणि वा को

लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहिले आणि तिथेच हेलियम शोधला, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. किल्ल्यावर साहेबाच्या दुर्बिणीचे म्हणून ओटेही दाखवतात. लॉकियर १८६८ साली इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध करमाळ्याजवळच्या जेऊर येथून पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला यांनी आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या कॅम्बेल यांनी घेतले. दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एक झाली, इतकेच. विजयदुर्गचे महत्त्व यामुळे उणावत नाही. शास्त्रज्ञांच्या मोहिमेची ती खरीखुरी जागा आहे, फक्त साल वेगळे आहे.

१८ ऑगस्टची सावली पुढे सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये पोहोचली. तिथले राजे मोंगकुट स्वतः खगोलगणिताचे जाणकार होते. ग्रहण कुठून खग्रास दिसेल याचे गणित त्यांनी केले, समुद्रकाठच्या वा को गावी तळ उभारला आणि परदेशी पाहुण्यांनाही बोलावले. गणित बरोबर ठरले. पण त्या दलदलीच्या भागात त्यांना मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांचे निधन झाले. थायलंडमध्ये १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. तिथल्या शाळांच्या फळ्यावर या तारखेला हेलियमआधी त्यांच्या राजाचे नाव येत असेल.

दिवस कुठून सुरू होतो?

आता १८७७ ची ओळ. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत एसाफ हॉल मंगळाचे चंद्र शोधत होते. ते कंटाळून सोडून देण्याच्या बेतात असताना पत्नी अँजेलिना स्टिकनी यांनी त्यांना पुन्हा दुर्बिणीकडे पाठवले. आधी डायमॉस सापडला आणि सहा दिवसांनी फोबोस. फोबोसवरच्या सर्वांत मोठ्या विवराला आज स्टिकनी हेच नाव आहे.

पण त्या काळच्या नोंदीत फोबोसची तारीख १७ ऑगस्ट, १६ वाजून ६ मिनिटे अशी आहे. ही चूक नव्हे. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस तेव्हा दुपारी बारापासून सुरू होई, म्हणजे एका रात्रीचे वेध दोन तारखांत विभागले जात नसत. १७ तारखेच्या दुपारपासून सोळा तास मोजले की १८ तारखेची पहाटेची चारची वेळ येते. १९२५ पासून ही पद्धत बंद झाली आणि त्यांचा दिवसही मध्यरात्री सुरू होऊ लागला. हॉल यांना पहाटे फोबोस दिसला तेव्हा भारतात दुपार होती. आपल्या पंचांगाचा दिवस तर सूर्योदयापासून धरतात. दिवस कुठे सुरू करायचा हे माणसांनी सोयीने ठरवलेले आहे.

जुन्या घटनांच्या बाबतीत कॅलेंडर कोणते हेही विचारावे लागते. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन कॅलेंडरची आहे. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १६ जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी दोन्हींसाठी एकच.

वर्गात करण्यासारखे

१. दिनविशेषाच्या ओळीला तीन प्रश्न विचारायची सवय लावावी : हे एकाच दिवसात घडले का? कोणत्या घड्याळाने? कोणत्या कॅलेंडरने?

२. जुन्या सूर्यग्रहणाची तारीख घेऊन पंचांगात तिथी पाहायला सांगावी. दरवेळी अमावस्याच येईल. का येते, हे मुलांनाच आकृती काढून शोधू द्यावे.

३. हेलियम आणि फोबोस एकाच तारखेला आले म्हणून ती तारीख खास ठरत नाही. वर्गातल्या सर्वांच्या जन्मतारखा फळ्यावर लिहाव्यात. ४० मुलांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के असते. २३ मुलांतही ती निम्म्याहून अधिक असते. ४० मुलांच्या ७८० जोड्या होतात हे मोजून दाखवले की आश्चर्य ओसरते आणि गणित उरते.

४. शेवटी मुलांकडून ओळ नव्याने लिहून घ्यावी. उदाहरणार्थ : ‘१८ ऑगस्ट १८६८ – भारतातून दिसलेल्या खग्रास ग्रहणात सूर्यज्वालांच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली. ती नव्या मूलद्रव्याची आहे हे कळायला काही महिने आणि ते हाती यायला २७ वर्षे लागली.’ ही ओळ लांब आहे, फळ्यावर जागा जास्त खाते. तेवढी जागा तिला द्यावी, असे आम्हाला वाटते.