तीन चाकांचा वर्ग

छोट्या पंढरपूरचं विठ्ठल मंदिर मागे टाकून पुणे रस्त्यानं पुढे निघालं, की वाळूजची एमआयडीसी लागते. बजाज ऑटोचा इथला कारखाना १९८५ साली सुरू झाला. उद्घाटनाला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग आले होते. बजाजनगर ही वस्तीच कारखान्याच्या नावानं ओळखली जाते. याच कारखान्यातून रिक्षा बाहेर पडते, आणि तिला हटवायला निघालेली चार चाकांची क्यूटही इथलीच.

रिक्षेचं घराणं इटलीचं. पियाजिओच्या परवान्यावर बजाजनं साठच्या दशकात तीनचाकी बनवायला घेतली. स्कूटरचं हँडल, पुढे एक चाक आणि डाव्या मुठीत गिअर. इंजिन मागे गेलं तेव्हा नाव पडलं ‘आरई’, म्हणजे रिअर इंजिन. टू-स्ट्रोकचा धूर गेला, फोर-स्ट्रोक आलं, पेट्रोलच्या जोडीला सीएनजी आला. अंगाचा सांगाडा मात्र फारसा बदलला नाही. थोडक्या जागेत ती वळते आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात तिचं काम होतं.

जानेवारी २०१२मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात बजाजनं ‘आरई ६०’ दाखवली. तीच पुढे क्यूट झाली. २१६ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, सुमारे चारशे किलो वजन, ताशी ७० किलोमीटरचा वेग, डोक्यावर पक्कं छप्पर आणि बाजूला दारं. पावसात सवारी भिजणार नाही, वळणावर गाडी कलंडणार नाही. कागदावर रिक्षा हरलीच होती.

पण क्यूटला उतरायला आखाडाच नव्हता. मोटार म्हणावं तर मोटारीचे नियम तिला झेपणारे नव्हते. रिक्षा म्हणावं तर चाक एक जास्त. युरोपात अशा हलक्या गाड्यांसाठी ‘क्वाड्रिसायकल’ हा वर्ग आधीच होता. भारतात तो नव्यानं बनवावा लागला. इतर कंपन्यांचे आक्षेप आले, कोर्टात याचिका गेल्या. वाळूजची गाडी परदेशी रस्त्यांवर धावू लागली, घरी मात्र पासिंगची वाट पाहत राहिली. दरम्यान २०१६मध्ये युरो एनकॅपच्या धडक चाचणीत तिला एकच तारा मिळाला. अखेर एप्रिल २०१९मध्ये ती महाराष्ट्रात विक्रीला आली. किंमत अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे थोडी भर घातली की साधी मोटार दारात. या सात वर्षांत रिक्षा कशाचीच वाट पाहत नव्हती. तिचा परवाना, बॅज, मीटर, स्टँड, शेअरचं भाडं सगळं ठरलेलं होतं. यंत्र म्हणून ती मागे होती. पण रस्ता, कायदा आणि मेस्त्री या तिघांशी तिचा घरोबा जुना होता.

रिक्षेची खरी परीक्षा आता आहे, आणि ती विजेच्या वर्गात. ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत चालणाऱ्या ई-रिक्षांना २०१५मध्ये कायद्यात जागा मिळाली. ऑक्टोबर २०१८मध्ये केंद्रानं बॅटरीवरच्या वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट दिली. ज्या परवान्यानं जुन्या रिक्षेला आजवर कुंपण घातलं, त्याचीच नव्या खेळाडूला गरज उरली नाही. त्यात इंधनाचा रोजचा खर्च कमी. इथे नियमच दुसऱ्याच्या बाजूनं आहेत.

क्यूटच्या वेळी बजाजनं नवी गाडी केली आणि तिच्यासाठी वर्ग शोधला. या वेळी वर्ग तयार होता; त्यात बजाजनं रिक्षाच उतरवली. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘गोगो’ ही विजेवरची तीनचाकी मालिका आली. एका चार्जमध्ये २५१ किलोमीटरपर्यंत धावेल असा कंपनीचा दावा आहे. किक, क्लच, कार्बुरेटर सगळं गेलं. रिक्षेत जे मोडायचं आणि कोपऱ्यावर दुरुस्त व्हायचं, तेच नेमकं गेलं. मेस्त्रीच्या पान्याला आता बॅटरीचं गणित शिकावं लागेल.

चालकाला मात्र नव्यानं बसायला शिकावं लागत नाही. पुढे एक चाक, हातात तेच हँडल. मूठ पिळली की गाडी निघते. फक्त आवाज येत नाही.