वकट, लेंड, मूंड आणि गोल्फचा वेज

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ असं सांगितलं की तो त्र्यंबक रोडकडे वळतो आणि तुम्हाला अशा मैदानावर सोडतो जिथं गोल्फ सोडून सगळं आहे. पहाटे फिरायला आलेली मंडळी, क्रिकेटच्या नेटमधली पोरं, थंडीत एखादा रणजी सामना. मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारा हा तरुण. साहेबाच्या खेळाचं नाव आणि साहेबाला गोळी घालणाऱ्याचं नाव एकाच जमिनीवर सुखानं नांदतंय, असं ठिकाण दुसरीकडे सापडणं कठीण. साहेब गेला, त्याचा खेळ गेला, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते खेळाचंच.

प्रत्यक्ष खेळ बघायचा तर देवळालीला जावं. तोफखान्याच्या या गावात लष्कराचा गोल्फ कोर्स आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने कुजलेल्या गोऱ्या सैनिकांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द रुळला. अर्थ : वेडा झालेला. ग्रीनपासून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून, दहा पावलांवर उभं राहून लागोपाठ तीन चेंडू वाया घालवणारा माणूस पाहिला की हा शब्द याच गावातून का निघाला असावा, याबद्दल माझा वेगळा सिद्धान्त तयार होतो.

दहा पावलांवरच्या या फटक्याला चिप म्हणतात. ग्रीनच्या काठावरून चेंडू थोडा उचलायचा, ग्रीनवर टाकायचा आणि पुढची वाट त्याला घरंगळत जाऊ द्यायचं. भोक सव्वाचार इंचांचं, चेंडू जेमतेम पावणेदोन इंचांचा. ताकद लागत नाही, उंची लागत नाही, तरुण कंबर लागत नाही. तरीही गोल्फमधला सर्वांत जास्त मनस्ताप याच फटक्यात साठवलेला आहे.

अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा अठरापैकी सरासरी बारा-एक ग्रीनच ठरलेल्या फटक्यांत गाठतात. म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडूही दर फेरीत पाच-सहा वेळा ग्रीनच्या बाहेर उभे असतात. रविवारी खेळणाऱ्या आपल्यासारख्यांचं गणित उलटं : ग्रीन तीन-चार सापडतात, उरलेल्या चौदा ठिकाणी चिप किंवा तिची चुलत भावंडं.

ताकदीवर हाताची नजाकत मात करते याचं जुनं उदाहरण १९३८ चं आहे. पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात एका बाजूला सॅम स्नीड, त्या काळातला लांब फटक्यांचा बादशहा. दुसऱ्या बाजूला लहान चणीचा पॉल रनियन. स्नीडचा चेंडू दर वेळी पुढे. रनियन मागून यायचा, चिप करायचा, पुट (ग्रीनवरून भोकाकडे घरंगळवायचा फटका) घालायचा. छत्तीस होलांच्या त्या सामन्यात सात होल बाकी असतानाच रनियन आठनं पुढे होता आणि सामना तिथंच संपला. रनियनची चिप दिसायला पुटसारखी होती : पकड पुटरची, हालचाल पुटरची, हातात मात्र चेंडू उचलणारा क्लब.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. ७ ऑगस्ट २०२१ हा दिवस नीरज चोप्राच्या भाल्यामुळे लक्षात राहिला. त्याच दिवशी सकाळी, ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता अशी घरंही टीव्हीसमोर बसली होती. बंगळुरूच्या अदिती अशोकचं कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं, ती चौथी आली. नुकत्याच होऊन गेलेल्या कोविडनं तिची ताकद ओढून घेतली होती. तिचे पहिले फटके बाकीच्या मुलींच्या मागे पडत होते. चार दिवस तिला वर धरून ठेवलं ते ग्रीनवरच्या आणि ग्रीनभोवतीच्या हातानं.

आता गंमत चेंबूरची. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅडींनी आपला वेगळाच गोल्फ घडवला. लोखंडी सळई वाकवून क्लब, प्लॅस्टिकचा चेंडू, गल्लीबोळ हाच फेअरवे. बोळातून दोनशे यार्डांचा फटका कोण मारणार? चेंडू दारात वाळत घातलेल्या कपड्यांवरून अलगद काढायचा, गटार चुकवायचं, पायरीवर टाकून घरंगळत न्यायचा. जागेच्या टंचाईतून तिथं नुसता शॉर्ट गेमच उरला. या कॅडींमधून पुढे व्यावसायिक खेळाडूही निघाले. स्पेनच्या सेव्ह बायेस्तेरोसनं लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्ननं वाळूतून हवे ते फटके काढायला शिकून घेतलं, ही गोष्ट गोल्फच्या पुस्तकांत भक्तिभावानं सांगतात. चेंबूरच्या बोळांची गोष्ट त्याच तोलाची आहे. आपण ती तितक्या भक्तीनं सांगत नाही एवढंच.

तंत्र मी थोडक्यातच सांगतो, कारण गोल्फमध्ये तंत्र सांगणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. वजन पुढच्या पायावर. हात चेंडूच्या किंचित पुढे. मनगटं शांत. नवशिक्याची चूक बहुतेक वेळा एकच असते : चेंडू हवेत जावा म्हणून तो खालून उचलायला जातो, तव्यावरचं धिरडं उलथन्यानं उलटावं तसं. क्लबचं पातं आधी जमिनीत रुततं, नाहीतर वर येऊन चेंडूच्या पोटावर बसतं. पहिल्या प्रकारात चेंडू दोन हात जातो, दुसऱ्यात ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत. उचलायचं काम क्लबच्या उताराकडे दिलेलं आहे. सँड वेजचा उतार छप्पन अंशांच्या आसपास असतो. आपण चेंडू आणि जमीन यांच्या सांध्यावर पातं आणून द्यायचं, बाकीचं तो करतो.

दुसरी गोष्ट, चेंडू टाकायचा कुठं. अनुभवी माणूस भोकाकडे बघत नाही, चेंडू जिथं टेकणार त्या जागेकडे बघतो. त्यासाठी ‘बाराचा नियम’ नावाचा एक जुना ठोकताळा आहे. बारातून क्लबचा नंबर वजा करा. जो आकडा उरेल तितके भाग चेंडू घरंगळणार आणि एक भाग हवेत जाणार. सात नंबरच्या आयर्ननं पाच भाग घरंगळणं. नऊ नंबरनं तीन. पिचिंग वेजला दहा धरायचं, म्हणजे दोन. भोक अठरा पावलांवर असेल तर सात नंबरनं चेंडू तिसऱ्या पावलावर टेकवायचा, पिचिंग वेजनं सहाव्या. सपाट ग्रीन आणि मध्यम वेग गृहीत धरून हे सगळं. उतार आला की पंचाइत.

उताराइतकंच गवतही बोलतं. उष्ण प्रदेशांतल्या गोल्फ कोर्सवर ‘बर्म्युडा ग्रास’ असतं, असं मोठ्या थाटात सांगतात. शास्त्रीय नाव सिनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो त्या दूर्वा. ग्रीनवर तिच्या बुटक्या संकरित जाती लावतात, काठावर जाडीभरडी. शेतकरी जिला शिव्या देत खणून काढतो, तिलाच माळी इथं पंप लावून पाणी पाजतो. हरळीला लव असते. लवेच्या दिशेनं चिप केली तर पातं सुळकन निसटतं. उलट्या लवेत मारलं तर गवत क्लबचं मानगूट पकडतं. पावसाळा संपून दिवाळी आली की ती दाट आणि रसरशीत असते, पहाटे वर दंव. ओल्या गवतावरून चेंडू अडखळत जातो. त्याच जागी ऊन चढल्यावर तोच फटका दोन पावलं जास्त घरंगळतो. सकाळची आणि दुपारची नोंद एकाच रकान्यात लिहिणाऱ्याची वही म्हणूनच खोटं बोलते.

वहीचा विषय निघालाच आहे, तर माझं मूळ म्हणणं इथंच सांगतो. चिपचा सराव करणारे पुष्कळ असतात, मोजणारा विरळा. तासभर पन्नास चेंडू मारायचे, त्यातले चार भोकाजवळ थांबले की खूश होऊन चहाला जायचं. उरलेले सेहेचाळीस कुठं गेले ते आठवतही नाही. मोजायचं ते एकच : चेंडू थांबल्यावर भोकापर्यंत अंतर किती उरलं.

मोजण्यासाठी टेप नको. विटीदांडू खेळलेल्याला पद्धत ठाऊक आहे. विटी जिथं पडली तिथून गलीपर्यंत दांडूनंच मोजत यायचं : वकट, लेंड, मूंड, नाल. पुढची नावं गावागणिक बदलतात. तेलुगूतले ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु हे आकडे म्हणून पाहा, या मोजणीचं नातं कुठवर जातं ते कानालाच कळेल. विटीदांडूत अंतर जास्त हवं, इथं कमी, एवढाच फरक. दांडूच्या जागी वेज. वेजची लांबी पस्तीस इंचांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीन फूट. आणि तीन फुटांचं हे माप चिपसाठी मुद्दाम कापून काढल्यासारखं चपखल बसतं. पीजीए टूरवरचे खेळाडू तीन फुटांवरून शंभरात शहाण्णव पुट घालतात. सहा फुटांवरून सुमारे दोनतृतीयांश. आठ फुटांवरून निम्मे. दहा फुटांवरून चाळीस. म्हणजे वकटात चेंडू थांबला तर पुट जवळपास खिशात. लेंडात थांबला तर प्रार्थना आणि कौशल्य दोन्ही. मूंडाच्या पलीकडे व्यावसायिकालाही दोन पुटांची तयारी ठेवावी लागते. तो टूरवरचा खेळाडू आहे आणि आपण आपण, हे धरून आपल्या आकड्यांची अपेक्षा आणखी खाली आणावी.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी याच विचाराला गणिताची शिस्त लावली. पीजीए टूर प्रत्येक फटक्याची जागा नोंदवतं. त्या लाखो नोंदींवरून त्यांनी कुठल्या जागेवरून चेंडू भोकात जायला सरासरी किती फटके लागतात ते काढलं. पुटिंगसाठी ही पद्धत टूरनं २०११ पासून स्वीकारली. समजा फेअरवेवरून वीस यार्डांची चिप आहे. टूरची सरासरी २.४० फटके. चिप मारून चेंडू आठ फुटांवर थांबला, तिथून सरासरी १.५०. चिपचा एक फटका धरून बेरीज अडीच झाली. म्हणजे ‘बरी बसली’ असं वाटणाऱ्या त्या चिपनं फटक्याचा दहावा हिस्सा गमावला. तीच तीन फुटांवर थांबली असती, तर पुढची सरासरी १.०४ आणि कमाई ०.३६ ची. मनातल्या ‘बऱ्या’ आणि वहीतल्या बऱ्यामधलं अंतर असं पाच फुटांत दिसतं.

याच ब्रॉडींनी एक कडू गोळीही दिली आहे. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंतला सुमारे दोनतृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. चिप-पुट मिळून उरलेला एकतृतीयांश. शॉर्ट गेमचे भक्त हे ऐकून नाराज होतात. मला पटतं. तरीही मी चिपच्याच बाजूला आहे, त्याचं कारण गणिती नाही. साठीच्या माणसाला ड्राइव्हमध्ये चाळीस यार्ड कुठून आणून देणार? आणि चाळीस यार्डांची मोकळी जागा तरी शहरात कुठं आहे? चिपला बंगल्याचं अंगण चालतं, गच्चीवर अंथरलेलं कृत्रिम गवत आणि स्पंजचा चेंडू चालतो. टेकण्याच्या जागी जुना टॉवेल पसरावा. मी आधी परात ठेवली होती. पहिला चेंडू बरोबर तिच्यात पडला आणि दुपारी दोन वाजता सगळी सोसायटी जागी झाली.

मोजणीची माझी रीत अशी. तीन जागा : आठ पावलं, पंधरा पावलं, पंचवीस पावलं. प्रत्येक जागेवरून दहा चेंडू, पण ओळीनं दहा नाहीत. जागा आणि क्लब सतत बदलत. यामागे १९७९ चा शिया आणि मॉर्गन यांचा गाजलेला प्रयोग आहे. हाताच्या हालचाली एकेक प्रकार घोटून शिकणारे सरावाच्या वेळी पुढे होते. मिसळून शिकणारे त्या वेळी मागे. काही दिवसांनी परत परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेले पुढे निघाले. एकाच जागेवरून नववा-दहावा चेंडू छान बसतो, कारण आठव्यानं हाताला उत्तर सांगून ठेवलेलं असतं. कोर्सवर असा आठवा चेंडू मिळत नाही. म्हणून मी दर दिवसाच्या पहिल्या तीन चिप वेगळ्या शाईनं लिहितो. खरी परीक्षा तीच.

दहा आकडे आले की सरासरी काढू नये. एक चेंडू झाडीत गेला तर तो एकटा बाकी नवांची अब्रू घालवतो. आकडे लहान-मोठे लावून मधले दोन बघावेत. समजा मार्गशीर्षात मधला आकडा ‘मूंडाच्या थोडा पुढे’ असेल आणि फाल्गुनात तो लेंडावर आला, तर हात सुधारला. एका दिवसाच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. निदान चार-पाच दिवसांची पानं शेजारी ठेवून बघावं. झाडीत गेलेले आणि दोन हातांवर पडलेले चेंडू वेगळे मोजावेत. माझा अनुभव असा की सुधारणा आधी त्याच रकान्यात दिसते. उत्तम चिप वाढायच्या आधी भयंकर चिप कमी होतात.

महिन्यातून एकदा ‘पार अठरा’ खेळावं. ग्रीनभोवती नऊ जागा निवडायच्या. काही सोप्या, काही मुद्दाम वाईट. प्रत्येक जागेवरून एकच चेंडू, चिप करून पुटनं भोकात घालायचा. प्रत्येकी दोन फटके धरले की नऊ जागांचे अठरा. अठरात संपवणाऱ्याचा हात व्यावसायिकाच्या वाटेवर आहे. पंचविसात संपवला तरी लाजायचं कारण नाही, वहीत तारीख, वेळ आणि दंव होतं की नव्हतं एवढं लिहावं.

गेल्या हिवाळ्यात एका कॅडी पोराला मी ही वेजनं मोजायची रीत दाखवली. तो निफाडकडचा. चेंडूपासून भोकापर्यंत वेज पालथा-उलथा टाकत त्यानं मोजलं, तिसऱ्यांदा टाकताना थांबला, मला म्हणाला, “काका, हे तर मूंड झालं. आमच्याकडं मूंडाला विटी पायावर ठेवून मारत्यात.” मग त्यानं खरोखरच माझा चेंडू बुटावर ठेवला, उडवला आणि वेजनं हवेतच टोलावला. तो ग्रीनच्या पार पलीकडे गेला. आम्ही दोघं मोजत निघालो.