गांधीलमाशी : दुरून पाहा, मोजून पाहा

उन्हाळ्यात रसवंतीगृहाच्या मागे पडलेल्या उसाच्या चिपाडांकडे कधी निरखून पाहिले आहे काय? मधमाश्यांच्या घोळक्यात एखादी थोराड, तांबूस-तपकिरी माशी गोड रस चाटताना दिसते. ती गांधीलमाशी. तिचे नाव काढताच आपण दूर पळतो. ही भीती अगदीच अनाठायी नाही. मधमाशीच्या नांगीला मोठे उलटे काटे असल्याने ती कातडीत अडकून बसते. गांधीलमाशीची नांगी तशी अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. मात्र ती चवताळते ती मुख्यतः पोळ्याच्या रक्षणासाठी. खाद्यावर आलेली माशी, तिला कोणी डिवचले नाही तर, सहसा आपल्या वाटेला जात नाही. म्हणून निरीक्षणाचा पहिला नियम असा : माशी पाहावी ती खाद्यापाशी, पोळ्यापाशी कधीही नव्हे.

प्रथम ओळख पटवू. पोटाच्या मागील अर्ध्या भागावर रुंद पिवळा पट्टा, चेहरा पिवळा आणि बाकी अंग तांबूस-तपकिरी असेल, तर ती व्हेस्पा ओरिएंटॅलिस. काळपट पोटाच्या पुढच्या भागात एकच पिवळा पट्टा असेल, तर व्हेस्पा ट्रॉपिका. पट्टा नेमका कोठे आहे हे उडत्या माशीत कळत नाही. पाठीच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्रात मात्र स्पष्ट दिसते.

यातील पहिल्या माशीने शास्त्रज्ञांना एक कोडे घातले आहे. ती जमिनीत किंवा भिंतीच्या पोकळीत पोळे करते आणि माती उकरून बाहेर टाकते. इस्राएलमधील जेकब इशाय यांना असे आढळले, की हे काम भर दुपारी, ऊन सर्वांत प्रखर असताना, जोरात चालते. पुढे २०१० साली तेल अवीव विद्यापीठातील प्लॉटकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या कवचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपकिरी भागावरील अतिसूक्ष्म खाचांमुळे प्रकाशाचे परावर्तन कमी होते. पिवळ्या पट्ट्यात झँथोप्टेरिन हे रंगद्रव्य असते. हे रंगद्रव्य वापरून त्यांनी प्रयोगशाळेत एक सौर घट तयार केला. त्याची कार्यक्षमता भरली ०.३३५ टक्के! परंतु जिवंत माशी उन्हातून मिळालेली ऊर्जा खरोखरच कामासाठी वापरते, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

आता छायाचित्राकडे वळू. माशीपासून निदान ३ मीटर दूर राहायचे आहे. भिंगाचे साधे सूत्र आठवा : प्रतिमेची लांबी म्हणजे सुमारे वस्तूची लांबी गुणिले नाभीय अंतर, भागिले वस्तूचे अंतर. माशी २४ मिमी. लांब धरली, तर ५० मिमी. नाभीय अंतराचे भिंग केवळ ०.४ मिमी. ची प्रतिमा देईल, ३०० मिमी. चे भिंग सुमारे अडीच मिमी. ची. मोबाइलच्या भिंगाचे नाभीय अंतर फारच लहान असते, आणि पडद्यावर बोटांनी चित्र मोठे केल्याने नवा तपशील मिळत नाही. त्यापेक्षा द्विनेत्री दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाइलचा कॅमेरा टेकवून छायाचित्र घ्या. हात स्थिर राहावा म्हणून स्टुलाचा आधार घ्या.

उडत्या माशीचे पंख चित्रात धूसर का येतात? पंखांची फडफड सेकंदाला सुमारे १०० वेळा होते. एका फडफडीत पंखाचे टोक जाऊन-येऊन ८ सेंमी. अंतर कापते असे धरू. म्हणजे वेग झाला सेकंदाला ८ मीटर. १/१००० सेकंदातही टोक ८ मिमी. सरकते! म्हणून माशी खाद्यावर बसली, की मगच कळ दाबावी.

छायाचित्रासोबत मोजमापही हवे. दर तासाला पाच मिनिटे चिपाडांवर येणाऱ्या माश्या मोजा. वेळ, सावलीतील तापमान आणि ऊन की ढग, हे वहीत नोंदवा. दुपारी संख्या वाढली, तर लगेच सूर्याला श्रेय देऊ नका; दुपारी रसाची विक्री वाढते, ताजी चिपाडेही वाढतात. म्हणून चिपाडांच्या ढिगाची नोंद ठेवा आणि तापमान सारखे असलेल्या निरभ्र व ढगाळ दिवसांची तुलना करा. ऊन आणि उष्णता वेगळी काढण्याचा हाच मार्ग आहे. दोन-चार दिवसांच्या नोंदींनी निर्णय होणार नाही. महिनाभराच्या नोंदी मात्र काहीतरी बोलू लागतील.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना एकटे पाठवू नये. माश्यांना हाकलू नये, पोळ्यावर दगड मारू नये, धूर करू नये. माशी जवळ घोटाळू लागल्यास सावकाश मागे सरकावे. अनेक डंख झाले, किंवा एका डंखानंतरही श्वास लागला, चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. एवढी काळजी घेतली, तर चिपाडांचा ढीगही एक प्रयोगशाळाच आहे.