ड्रोनचे जुने अ‍ॅप : बेण्याइतकेच पारखून घ्यावे

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरणे माणसाला जमत नाही. म्हणूनच तांबेऱ्यासारख्या रोगावरील फवारणीसाठी ड्रोन सोयीचा ठरतो. एकरी सुमारे १० लिटर पाण्यात काम भागते. पण हे यंत्र मोबाईलवरील ज्या अ‍ॅपच्या जोरावर चालते, त्यानेच ऐन वेळी कसे अडवले, ते सांगणे आम्हास जरूर वाटते.

ऑगस्ट २०२४ मधील गोष्ट. सकाळी सातला आम्ही एका सभासदाच्या बांधावर हजर. औषध कालवून तयार, आणि ड्रोन चालविणारा मुलगा घामाघूम. "साहेब, काल सांजेपर्यंत बरोबर चालत होतं. आज जोडणीच घेत नाही." रात्रीतून अ‍ॅप आपोआप अपडेट झाले होते. मुलाने नवे अ‍ॅप काढून टाकले, मित्राकडून जुन्याची फाईल मागवली आणि बसवली. ड्रोन जोडला गेला. मालक म्हणाले, "उडवा आता, ऊन चढाय लागलंय."

आम्ही पडदा एकदा पाहू म्हटले. पाहतो तो शेताचा नकाशा गायब! परतीची उंचीही बदललेली. संपर्क तुटला की ड्रोन या उंचीवर येऊन माघारी फिरतो, आणि प्लॉटच्या कडेने तर विजेची लाईन. उड्डाण तिथेच थांबविले. नकाशा पुन्हा आखेपर्यंत दहा वाजले, वारा सुटला. कालवलेले औषध दुसऱ्या दिवशी चालत नाही, ते वाया गेले. नुकसान सभासदाचे झाले. आदल्या दिवशी तपासणी न करण्याची चूक मात्र आमचीही होती.

असे का होते? ड्रोनमधील प्रोग्रॅम, रिमोटमधील प्रोग्रॅम आणि मोबाईलचे अ‍ॅप या तिघांचा मेळ लागतो. अ‍ॅप एकटेच पुढे गेले, तर जुन्या ड्रोनचे त्याच्याशी जमेलच असे नाही. अशा वेळी जुनी आवृत्ती बसविणे हा खरा उपाय आहे. पण अँड्रॉइड मोबाईल नव्यावर जुने बसवू देत नाही. आधी नवे काढावे लागते. ते काढताना मोबाईलमध्ये साठविलेले नकाशे व नोंदी पुसल्या जाऊ शकतात. शिवाय २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून फारच जुन्या धाटणीची अ‍ॅप मोबाईल स्वीकारतच नाही. आयफोनवर तर हवी ती जुनी आवृत्ती निवडून घेण्याची सोयच नाही.

यासाठी आमच्या सूचना :

१) ड्रोनसाठी एक मोबाईल वेगळा ठेवावा. प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचे आपोआप अपडेट बंद करावे.

२) चालत्या अ‍ॅपचा आवृत्ती क्रमांक, परतीची उंची, वेग व एकरी औषधाचे प्रमाण वहीत लिहून ठेवावे. नकाशांची प्रत दुसरीकडे काढावी.

३) जुनी फाईल कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी. बेणे आपण कोणाच्याही फडातून उचलत नाही, बेणेमळ्यातून आणतो. इथेही तोच न्याय लावावा. अनोळखी फाईलबरोबर काय शिरेल याचा नेम नसतो.

४) फाईल बसविण्यासाठी दिलेली परवानगी काम होताच बंद करावी.

५) पहिले उड्डाण टाकी रिकामी ठेवून, मोकळ्या रानात करावे. दुसरे साध्या पाण्याने. मगच औषध कालवावे.

६) नव्या आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती असेल, तर जुन्याला धरून बसू नये. कंपनीला विचारून ड्रोनचा प्रोग्रॅमही सोबत अद्ययावत करून घ्यावा. तसेच ड्रोन नियम, २०२१ अन्वये फवारणीचा व्यवसाय करणाऱ्याकडे पायलटचे प्रमाणपत्र लागते, तेही पाहून घ्यावे.

जुने ते सोने खरे, पण सोनेसुद्धा आपण कसाला लावूनच घेतो. फवारणीच्या आदल्या सांजेला दहा मिनिटे काढून ड्रोन जोडून पाहा. त्या दहा मिनिटांत एक सकाळ आणि टाकीभर औषध वाचते.

आपला,
ऊस विकास अधिकारी